आकाशातील वाफेचे दिवे

उकाई धरणातून पाणी सोडले की तापीचे पात्र भरून येते व सुरतेच्या पुलांवर बघ्यांची दाटी होते. गढूळ पाण्याचा वेग नुसत्या डोळ्यांना उमगत नाही. पण वाहत येणारा फेसाचा एखादा पुंजका नजरेने धरला, की प्रवाह कोणीकडे व किती वेगाने चालला आहे ते तत्काळ कळते. विद्यार्थिमित्रहो, याच युक्तीने खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांच्या जन्मस्थानी डोकावतात. आणि तेथील फेस म्हणजेही पाणीच, वाफेच्या रूपातले.

सूर्याच्या आठपटींहून जड असे तारे धुळीच्या दाट ढगात जन्मतात. त्यांचे दृश्य तेज आपणांपर्यंत पोहोचत नाही. त्यांच्याविषयी एक कोडेही आहे. असा तारा वाढू लागताच त्याचा प्रकाश इतका प्रखर होतो, की आत पडू पाहणाऱ्या वायूला तो मागे लोटतो. मग तारा आणखी मोठा व्हावा कसा? वायू फिरत्या चकतीतून आत येत असेल आणि चकतीच्या दोन्ही अंगांनी झोत बाहेर पडत असतील, तर झोतांनी मोकळ्या केलेल्या वाटांनी प्रकाशही निसटेल व वाढ चालू राहील, असे एक उत्तर आहे. म्हणूनच ते झोत पाहणे अगत्याचे ठरते.

झोत भोवतालच्या वायूवर आदळतो तेथे वायू तापतो व पाण्याचे रेणू अधिक ऊर्जेच्या पातळीवर चढतात. त्यांच्यामधून १.३५ सेंटिमीटर लांबीचा रेडिओ तरंग गेला, की ते आपली ऊर्जा त्याच तरंगात, त्याच दिशेने व त्याच तालात ओततात. यास मेसर म्हणतात; लेसर हे त्याचेच धाकटे भावंड. चार्ल्स टाउन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली अवकाशातील अशा पाण्याच्या मेसरांचा शोध प्रसिद्ध केला. त्यांतील एक मृग नक्षत्रात आहे. हिवाळ्यात डुमसच्या किनाऱ्यावरून मृगाच्या पोटातील बाणाच्या दक्षिणेस जो धुरकट ठिपका दिसतो, त्याच्याच मागे, सुमारे १३५० प्रकाशवर्षांवर.

तरंगाची लांबी किंचित वाढली वा घटली, तर ठिपका आपल्यापासून दूर जातो की जवळ येतो ते समजते. हजारो किलोमीटर अंतरावरील दुर्बिणी एकत्र जोडून काही महिन्यांनी पुन्हा मोजणी केली, म्हणजे त्याचे आडवे सरकणेही कळते. मृगातील अशी मोजणी १९८१ साली प्रसिद्ध झाली. पुष्कळसे ठिपके एकाच जागेपासून, सेकंदास सुमारे १८ किलोमीटर वेगाने, पांगत होते!

तथापि फेस म्हणजे नदी नव्हे. कधी सरकतो तो वायू नसून केवळ आघाताची लाट असते, हे आम्हांस या अभ्यासातील सर्वांत नाजूक स्थळ वाटते. शिवाय झोत दुतोंडीच असेल असेही नाही. वृषपर्वा तारकासमूहातील एका बालताऱ्याजवळ मेसरांचे ठिपके जवळजवळ अचूक वर्तुळकंसावर मांडलेले आढळले. तेथे वाफ चहूकडे सारखीच उसळली होती, असे २००१ साली जाहीर झाले. असे का व्हावे, हे साध्या चकती-झोताच्या चित्रात बसत नाही.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत. पण त्यांच्या तबकड्या तारांच्या जाळीच्या आहेत, आणि १.३५ सेंटिमीटरचा तरंग त्या जाळीतून निसटतो. जड बालताऱ्यांभोवतीच्या तापलेल्या, विद्युत्भारित वायूचे लांब तरंग मात्र तेथे टिपता येतात.