डबे मुलुंडचे, मार्ग आपल्या सर्व्हरवर

प्रश्न : मुलुंडला आमचं पोळीभाजी केंद्र आहे. डबे बोरिवली, अंधेरीपर्यंत दुचाकीवर जातात. भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर मार्ग शोधणारं मुक्त सॉफ्टवेअर बसवता येईल का?

उत्तर : येईल. 'ओएसआरएम' घ्या आणि डॉकरमधून चालवा. ओपनस्ट्रीटमॅपचा पश्चिम भारताचा नकाशा जिओफॅब्रिकवरून उतरवून ऑस्मियमने मुंबईपुरता कापा. कमी रॅममध्ये भागेल. मात्र ठाणे, मिरा-भाईंदर कापू नका. मध्ये राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे मुलुंडहून बोरिवलीला जाताना जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला पर्याय घोडबंदर रोडचा. ठाणे गेलं की तोही गेला.

पुढे एक्स्ट्रॅक्ट, पार्टिशन, कस्टमाइझ, याच क्रमाने. सर्व्हर सुरू करताना एमएलडी पद्धत निवडा.

एक्स्ट्रॅक्टला वाहनाचे नियम सांगणारं प्रोफाइल लागतं. तयार प्रोफाइलांत मोटरसायकलचं नसतं. मोटारीच्या प्रोफाइलची प्रत काढून प्रवेशाच्या यादीत 'मोटरकार'ऐवजी 'मोटरसायकल' लिहा. नाहीतर उद्या वरळीचं गिऱ्हाईक मिळालं, तर अंधेरीहून तिकडे जाताना दुचाकीला बंदी असलेला सागरी सेतूच मार्ग म्हणून पुढे येईल.

चाचणीत आधी रेखांश, मग अक्षांश : अंधेरी म्हणजे ७२.८४, १९.१२. उलट लिहिलंत की अंधेरी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात!

ओएसआरएमचं ५००० क्रमांकाचं पोर्ट बाहेर उघडू नका. पुढे एनजिनएक्स ठेवा. संध्याकाळची कोंडी ओएसआरएमला आपणहून कळत नाही. डबे पोचवणाऱ्या मुलांना विचारून रस्त्यांचे खरे वेग एका फाइलीत भरा आणि ती कस्टमाइझच्या वेळी द्या.