वसंतातले पक्षीनिरीक्षण : हुबळीजवळ कुठे, कधी?

प्रश्न : जुन्या हुबळीहून दहा-बारा जणांनी वसंतात पक्षी पाहायला कुठे जावे?

उत्तर : पक्षीनिरीक्षकाचा वसंत पंचांगातल्या चैत्राच्या आधीच, पळस फुलला की सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिवाळी पाहुणे परतीच्या तयारीत असतात आणि स्थानिक पक्ष्यांची वीण सुरू होते. एकाच फेरीत दोन्ही पाहायला मिळते.

जवळची जागा म्हणजे धारवाड रस्त्यावरचा उणकल तलाव. जलपर्णीने त्याची रया गेली असली, तरी त्याच हिरव्या गालिच्यावर कमळपक्षी लांब बोटांनी वजन पसरून चालतो. सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहिल्यास ऊन पाठीशी राहते. फुललेल्या पळसावर मध्य आशियातून आलेल्या पळस मैनांचा गोंगाट असतो. तांबटाची ठक्‌ठक्‌ आधी ऐकू येते. पक्षी शोधायला मान दुखेपर्यंत पाहावे लागते.

पूर्ण दिवस हाताशी असेल तर गदग जिल्ह्यातील शिरहट्टी तालुक्यात मागडीचा तलाव गाठावा. 2024 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस आजूबाजूच्या शेतांत चरतात व विसाव्याला पाण्यावर येतात. डोक्यावरचे दोन काळे पट्टे ही त्यांची खूण. मात्र उन्हाळा लागताच ते निघून जातात, म्हणून मागडी फेब्रुवारीतच उरकावी.

दहा-बारा जणांचे दोन गट करावेत, भडक कपडे टाळावेत आणि घरट्याजवळ कॅमेरा नेऊ नये.