आभाळ उतरवून घेताना

बाबू, वरोऱ्यात पाऊस लागला की दुर्बीण झाकून ठेवायची आणि टर्मिनल उघडायचं. पालोमार आणि साइडिंग स्प्रिंगच्या श्मिट दुर्बिणींनी टिपलेल्या फोटोग्राफिक प्लेटा स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्या संग्रहाचं नाव डीएसएस. आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची, तिचंही सर्वेक्षण खुलं आहे. टीजीएसएस म्हणतात त्याला. 2010 ते 2012 मध्ये 150 मेगाहर्ट्झवर, म्हणजे दोन मीटर लांबीच्या लहरींवर, आकाशाचा 90 टक्के भाग तिने पाहिला. दक्षिणेला उणे 53 अंश क्रांतीपर्यंत. आपला अक्षांश 20, म्हणजे ती हद्द आपल्या दक्षिण क्षितिजापासून फक्त 17 अंश वर येते. आपल्याला नीट दिसणारं जवळजवळ सगळं आभाळ त्यात आलं.

सुरुवात सेंटॉरस ए या दीर्घिकेपासून कर. मे महिन्यात रात्री ती इथून दक्षिणेला 27 अंशांवर येते, तेव्हा दुर्बिणीतूनही बघता येईल. तिचा विषुवांश 13 तास 25 मिनिटं 27.6 सेकंद. चित्र देणाऱ्या वेबसेवांपैकी काही तास घेतात, काही अंश मागतात, म्हणून आधी 15 ने गुण: 201.365. क्रांती उणे 43.019. उणे चिन्ह विसरलास तर भलत्याच आभाळाचं चित्र येईल, आणि ते चुकलंय हे कुणी सांगणार नाही. धन क्रांती असेल तर अधिक चिन्ह लिहूच नको. वेबच्या पत्त्यात ते रिकामी जागा धरलं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फाइल उतरवणारी आज्ञा कर्ल असो वा वगेट, चित्राचा वेब पत्ता नेहमी एकेरी अवतरणात टाक. पत्त्यात अँडचं चिन्ह (&) असतं. ते उघडं राहिलं की शेल तिथेच आज्ञा तोडून पार्श्वभूमीत ढकलतं, आणि पलीकडे अर्धवटच मागणी पोचते. फाइलचं नाव स्वतः दे, त्यात दीर्घिका, सर्वेक्षण आणि आकार असू दे. सहा महिन्यांनी शोधताना तेच कामी येतं.

आकार लहान माग. डीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीत एक पिक्सेल सुमारे एका विकलेचा. 15 कलांचा चौरस म्हणजे 900 गुणिले 900 पिक्सेल, दीड एमबीच्या आसपास. बाजू दुप्पट केलीस की फाइल चौपट. मोबाइलच्या डेटावर काम करणाऱ्याने हे आधीच मनात धरावं. स्कायव्ह्यू सेवेत तर पिक्सेल सांगितले नाहीत की ती 300 गुणिले 300 चंच चित्र देते, मग तू कितीही मोठं आकाश माग.

नेट मधेच गेलं तर वगेटचा उणे सी पर्याय उरलेला भाग आणतो, पण तयार ठेवलेल्या फाइलींचाच. मागणीनुसार कापून दिलेला तुकडा बहुधा पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो.

उतरलं म्हणजे झालं असं नाही. ही चित्रं फिट्स नावाच्या स्वरूपात येतात, आणि फिट्स फाइलचा पहिला शब्द 'सिंपल' असतो. हेड आज्ञेने बघून घे. तिथे एचटीएमएल दिसलं तर चित्र नाही, चूक सांगणारं पान आलंय. फाइलचा आकारही 2880 बाइटांच्या पटीत हवा. नसला तर ती अपुरी आहे. आणि टीजीएसएसच्या चित्रात तेजस्वी स्रोताभोवती कडी किंवा आरे दिसले तर नवा शोध म्हणून नाचू नको, तो प्रतिमा घडवण्यातला दोष असतो. डीएसएसचा तोच तुकडा शेजारी लावून बघ.

यादी लांब असेल तर लूपमध्ये दर फाइलीनंतर पाच सेकंदांचा स्लीप टाक. ही सेवा फुकट आहे आणि रांगेत जगभरची पोरं आहेत. चित्र कुठे वापरलंस तर सर्वेक्षणाचं नाव लिही. खोडदच्या माणसांचा तेवढा हक्क आहे.