एलीयाची भाकर आणि सावरणारे हृदय

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८

आमच्या इंदरगंजमधील एका बंधूंवर हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी झाली आणि मंडळीने उपकारस्तुती केली. परंतु महिन्याभराने आम्ही भेटीस गेलो, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते म्हणाले, "देवाने जीव राखला, तरी रडू येते. माझा विश्वासच कमी पडला काय?" या प्रश्नाचे उत्तर आपण आजच्या पाठात शोधू.

१. विजयानंतरची ग्लानी : कर्मेलावर अग्नी उतरल्यानंतर थोड्याच काळाने एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. मोठ्या प्रसंगातून पार पडल्यावर मन खचणे हा अविश्वास नव्हे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर उदासी, चिडचिड, निद्रानाश व विसराळूपणा पुष्कळांच्या वाट्यास येतो. बहुतेकांचे मन काही आठवड्यांत सावरते. उदासी हटत नसेल तर डॉक्टरांना सांगावे. जगणे नकोसे वाटू लागल्यास तर त्याच दिवशी सांगावे. त्यावर उपचार आहेत आणि ते घेण्यात लाज नाही.

२. आधी शरीर : देवदूताने एलीयाला दोष दिला नाही. त्याने भाकर व पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. भारतातील पहिली बायपास १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासमधील पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात केली. आपल्या वाडवडिलांना न लाभलेली ही देणगी आहे. पण शस्त्रक्रियेने काम संपत नाही. कापून तारेने जोडलेले उरोस्थीचे हाड सांधण्यास ६ ते ८ आठवडे आणि पूर्ण बळकट होण्यास सुमारे ३ महिने लागतात. तोवर भरलेली बादली उचलू नये, नातवंडाला कडेवर घेऊ नये. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत स्कूटर चालवू नये. खोकताना उशी छातीशी धरावी. रोज थोडे थोडे चालणे वाढवावे. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ते पहाटेच बरे. औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ताप, जखमेतून स्राव किंवा वाढती धाप दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

३. पुढील वाट व सोबती : होरेबापर्यंतची वाट ४० दिवसांची होती. तेथे एलीयाला मंद वाणी ऐकू आली, नवे काम मिळाले, अलीशा मिळाला, आणि आणखी ७,००० विश्वासू जन आहेत हेही कळले. आजाऱ्याला आपण हेच द्यावे : लहानसे काम आणि माणसांची सोबत. भेट थोडक्यात आटोपावी. "आता बरे झालात ना!" असे म्हणण्यापेक्षा त्याचे ऐकून घ्यावे. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या त्याच्या पत्नीलाही विसावा द्यावा. एक वेळचा डबा पोहोचवणे हीही सेवाच आहे.

त्या बंधूंना आम्ही हाच अध्याय वाचून दाखविला. ते उठून बसले व म्हणाले, "म्हणजे एलीयालाही दोनदा जेवावे लागले तर!"

चर्चेसाठी प्रश्न
१. देवदूताने उपदेशाआधी भाकर का दिली?
२. आपल्या मंडळीत सध्या कोण झुडपाखाली बसले आहे? या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल?

प्रार्थना : हे प्रभो, दुर्बळांना धीर दे, आणि आम्हांला त्यांची भाकर पोहोचवणारे कर. आमेन.