सिंकखालचं काम रात्री काढण्याआधी

मुंबईजवळ मीरा रोडला राहणारे लेखक-व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी २००७ मध्ये एक काम हाती घेतलं. रविवारी सकाळी प्लंबरला सोबत घ्यायचं, इमारतीतल्या घरांची दारं वाजवायची आणि गळक्या तोट्या फुकट दुरुस्त करून द्यायच्या. सेकंदाला एक थेंब गळला तरी महिन्याला हजार लिटर पाणी जातं, असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. मुंबईच्या डोंगरी भागातल्या लहानपणी पाण्याच्या बादलीसाठी आईची चाललेली ओढाताण त्याआधी डोळ्यांनी पाहिली होती. ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ नावाने सुरू झालेल्या या कामाला लागणारी रबरी वायसरं ते घाऊक भावात आणून ठेवत.

सुट्टीची सकाळ, जाणकार माणूस आणि पिशवीत तयार सामान. वाशिम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या धनजला संध्याकाळी कामावरून परतलेल्या माणसाजवळ यातलं बहुधा काहीच नसतं. सिंकखाली ओल दिसते, पाच मिनिटांचं काम वाटतं, पाना हाती येतो. बोअरच्या जड पाण्याचा क्षार आट्यांवर वर्षानुवर्षं बसलेला असतो. नट हलत नाही म्हणून जोर लावला की भिंतीतला एल्बोच पिळवटतो. तोवर हार्डवेअरचं दुकान बंद झालेलं असतं आणि मिस्त्री म्हणतो, सकाळी येतो.

टाकी पाचशे लिटरची धरू. अर्ध्या इंची पाईप उघडा पडला तर ती तासाभरात रिकामी होऊ शकते. जलजीवन मिशनने माणशी रोजचं ५५ लिटर पाणी धरलं आहे. त्या हिशेबाने पाच जणांच्या घराचं जवळजवळ दोन दिवसांचं पाणी ओट्याखालून वाहून जातं. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हे नुकसान नव्या तोटीच्या किमतीहून कितीतरी मोठं.

म्हणून दुरुस्ती घरी करूच नये का? जरूर करावी. वायसर बदलणं, कनेक्शन पाईप बदलणं, बॉटल ट्रॅप साफ करणं ही कामं घरातल्या कुणालाही जमतात, बाईमाणसालाही आणि दहावीतल्या पोरालाही. फक्त त्याच रात्री पुन्हा बंद करता येईल एवढंच काम संध्याकाळी उघडावं.

सुरुवात टाकीच्या वॉल्व्हपासून. तो खरंच बंद होतो का, हे दिवसाउजेडी पाहून ठेवावं. वर्षानुवर्षं न फिरवलेला गेट वॉल्व्ह ऐनवेळी नुसताच गरगर फिरतो आणि पाणी चालूच राहतं. सिंकखालच्या अँगल कॉकचंही तेच. दोन्ही महिन्यातून एकदा उघड-बंद केले तर जाम होत नाहीत. वॉल्व्ह बंद केल्यावर खालची तोटी उघडून पाईपमधलं पाणी काढून टाकावं, मोटरचं बटण बंद करावं आणि घरात सगळ्यांना तसं सांगावं. नाहीतर कुणीतरी सवयीने मोटर लावतं.

पाने दोन हवेत. एकाने मागची फिटिंग धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने सगळा जोर भिंतीतल्या जोडावर जातो आणि तिथे सीपीव्हीसीचा पाईप असेल तर तो तडकतो. मग टाईल फोडण्यावाचून इलाज नाही.

टेफलॉन टेपबद्दल गैरसमज फार. जुने मिस्त्री सुतळी आणि सफेदा लावत, त्याची जागा या टेपने घेतली. आट्यांचं तोंड आपल्याकडे करून ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ताणून गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर तोटी बसवताना सुटत जाते. पण कनेक्शन पाईपच्या नटात रबरी वायसर असतं. तिथे पाणी अडवायचं काम ते वायसरच करतं, टेपची गरज नाही. असा नट हाताने घट्ट करून पान्याने थोडासाच फिरवावा. जास्त पिळला तर वायसर चिरडतं.

ट्रॅप उघडताना खाली बादली ठेवावी आणि तो धुवायला मोरीत न्यावा. त्याच सिंकमध्ये धुतला तर सगळा गाळ खाली ओतला जातो. तुंबलेल्या पाईपमध्ये आधीच अॅसिड किंवा पावडर टाकली असेल तर ट्रॅपला हातच लावू नये. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि खिडकी लावलेल्या लहानशा स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवं.

सोल्युशन लावून पाईप चिकटवायचं काम मात्र संध्याकाळी काढूच नये. जोड मिनिटभरात धरल्यासारखा वाटतो, पण पाण्याचा दाब सोसण्याइतका पक्का व्हायला त्याला कितीतरी तास लागतात. डब्यावर लिहिलेली वेळ पाळायची तर रात्रीचा स्वयंपाक आणि भांडी साठवणीच्या पाण्यावरच उरकावी लागतील. थंडीत ही वेळ आणखी वाढते.

नवं वायसर आणायला जाताना जुनं खिशात घालून न्यावं. अर्धा इंच म्हटलं तरी जाडी आणि भोक वेगवेगळं निघतं. दोन-चार जास्तीची वायसरं, टेपचं एक रीळ आणि आट्यांचा एक प्लास्टिकचा प्लग घरात असू द्यावा. तोटी निघाली आणि नवी बसेना, तर हा प्लग लावून रात्र काढता येते आणि बाकीच्या घराला पाणी मिळतं. काम झाल्यावर जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरून वॉल्व्ह हळूहळू उघडावा. बारीक गळतीही कागदावर लगेच उमटते. कागद सकाळपर्यंत तसाच ठेवून पुन्हा एकदा पाहावा.