आधी माणसं मोज, मग फूट

चि. सायलीस,



तू पाठवलेले बोटीचे फोटो पाहिले. एकोणीस फुटी, लालभडक, अडीचशे एचपीची. देखणी आहे, वाद नाही. पण तिच्यात माझी ताई कुठून चढणार नि कुठे बसणार, ते मला एकाही फोटोत दिसलं नाही.

माझं ऐकशील तर पहिली बोट घरातल्या सगळ्यात भित्र्या माणसाच्या सोयीने घे. तुला हौस आहे, तू कशातही रमशील. पण घाबरलेलं माणूस एकदा उतरलं की पुन्हा चढत नाही, आणि ते किनाऱ्यावर राहिलं की बाकीच्यांचाही पाय हळूहळू निघेनासा होतो. इथे मिनेसोटात ऐन उन्हाळ्यात ताडपत्रीखाली पडून असलेल्या बोटी दिसतात, त्यांतल्या कित्येकींची कथा हीच आहे.

म्हणून आधी पॉन्टून बघ. अॅल्युमिनियमच्या लांब नळ्यांवर सपाट डेक, भोवती कठडा, आणि डॉकवरून दार उघडून थेट आत पाऊल. ताईच्या गुडघ्यांना ते झेपेल. छताखाली धाकट्याला दुपारी झोपवताही येईल. फक्त दोन नळ्यांचा घेऊ नकोस. तुमच्या जॉर्जियातल्या लेक लेनियरवर शनिवार-रविवारी मोठ्या बोटींच्या लाटा चारी बाजूंनी येतात आणि तसा पॉन्टून त्यांत चांगलाच हिंदकळतो. तीन नळ्यांचा, बावीस फुटांच्या आसपासचा, दीडशे एचपीचा मिळाला तर पोरांना ट्यूबवर बसवून ओढण्याची हौसही भागेल. तुझी लाल बो-रायडर लाट छान कापते, वळतेही झोकात. पण त्या मापाच्या बोटीत सगळी मंडळी पुढे जाऊन बसली की नाक खाली जातं आणि पाणी आत येऊ शकतं.

दुसरी गोष्ट इंजिनाची. त्या लाल बोटीचं इंजिन पोटात आहे. पेट्रोलची वाफ तिथे साठू शकते, म्हणून सुरू करण्याआधी चारेक मिनिटं ब्लोअर चालवावाच लागतो. शिवाय थंडीत आतलं पाणी नीट काढलं नाही, तर जॉर्जियातल्या एखाद्या गोठवणाऱ्या रात्रीतही ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आउटबोर्ड मागे उघड्यावर असतं, उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप निथळतं आणि मेकॅनिकचा हातही सहज पोचतो. नवशिक्याने तेच घ्यावं.

जाहिरातीतलं वजन खरं धरू नकोस. ते बहुतेकदा रिकाम्या बोटीचं असतं. त्यात इंजिन, ट्रेलर, सामान आणि गॅलनमागे सहा पौंड पेट्रोल मिळव. म्हणजे चाळीस गॅलनची टाकी भरली की २४० पौंड वाढले. तीन नळ्यांचा पॉन्टून असा साडेचार हजार पौंडांच्या घरात सहज जातो. तेवढं ओढायची तुमच्या गाडीची ताकद आहे का, ते गाडीच्या पुस्तकात बघ. नसेल तर मरीनातल्या जागेचं भाडं आत्ताच हिशोबात धर.

जुनी घ्यायला माझी हरकत नाही, उलट पहिली जुनीच बरी. मात्र डेकवर सगळीकडे पाय दाबून चाल. कुठे मऊ लागलं तर खालचं प्लायवूड कुजलेलं असू शकतं. इंजिनाची कम्प्रेशन तपासणी आणि पाण्यातली चाचणी झाल्याशिवाय पैसे देऊ नकोस. मेकॅनिक किंवा सर्व्हेअर तू नेमलेला हवा, विकणाऱ्याचा नको.

१ जानेवारी १९९८ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच जॉर्जियात मोटरबोट चालवण्याआधी कोर्स सक्तीचा आहे. तू त्याआधीची, म्हणून कायदा तुला सोडतो. मी सोडणार नाही. तू आणि जावईबापू, दोघांनीही कोर्स करा, म्हणजे एकाला काही झालं तर दुसऱ्याला बोट परत आणता येईल. बोट चालू असताना तेरा वर्षांखालच्या मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट हवंच. ताईलाही घाल, मग पोरं कुरकुरणार नाहीत. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असू दे. कोणी पाण्यात असेल, तर इंजिन नुसतं न्यूट्रलमध्ये नको, पूर्ण बंद हवं. आणि इंजिन चालू असताना मागच्या फळीवर मुलांना बसू देऊ नकोस. तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

जुलैत ताई येते आहे. तोवर काहीही खरेदी करू नका. ती आली की एका शनिवारी पॉन्टून आणि एका शनिवारी बो-रायडर भाड्याने घ्या, आणि दोन्ही वेळा तिला न्या. भाडं फुकट गेलं असं जावईबापूंना वाटेल, वाटू दे. ज्या बोटीतून उतरताना ताई "पुन्हा कधी?" असं विचारेल, त्या प्रकारची शोधायला लाग. मग मला फोन कर, पण पैसे भरायच्या आधी.

तुझी,
मावशी