मागचा तुंबा, दाते आणि खटका यांचा मेळ

जबलपूरहून दिंडोरीकडे जाणारा रस्ता कुंडमवरून जातो. हा मुलूख चढउतारांचा असून नर्मदेला मिळणारी हिरण नदी याच परिसरात उगम पावते. अशा रस्त्यावर धान्याचे पोते लादलेली साधी सायकल चढ लागताच उतरून ढकलावी लागते. याचे कारण दात्यांच्या प्रमाणात आहे.

पुढील चक्रास ४८ व मागील फ्रीव्हीलला १८ दाते असल्यास पायट्याच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.६७ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ अंदाजे २.२ मीटर धरला, तर सायकल सुमारे ५.९ मीटर पुढे सरकते. मागे ३४ दाते असल्यास हेच अंतर ३.१ मीटर भरते. गती घटते, परंतु लागणारा जोरही जवळजवळ निम्म्यावर येतो.

तथापि मोठे चक्र विकत आणल्याने काम भागत नाही. प्रथम सांगाड्याच्या मागील दोन पट्ट्यांमधील अंतर मोजावे. एकगती सायकलीत ते सुमारे ११० मिलिमीटर असते. आठ वा नऊ चक्रांच्या तुंब्यास बहुधा १३० किंवा १३५ मिलिमीटर लागतात. पोलादी सांगाडा जाणकार कारागीर थोडाफार रुंदावू शकतो. ॲल्युमिनियमचा सांगाडा मात्र असा वाकवू नये.

दुसरा प्रश्न तुंब्याच्या जातीचा. जुन्या प्रकारात संपूर्ण फ्रीव्हील तुंब्याच्या आट्यांवर बसते. १९७८ मध्ये शिमानो कंपनीने आणलेल्या प्रकारात सुटे फिरणारा भाग तुंब्यातच असतो व चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, त्याच्या खाचांवर सरकवला जातो. एका जातीची चक्रे दुसऱ्या जातीच्या तुंब्यावर बसत नाहीत.

तिसरा मेळ खटक्याचा. साधी तरफ हाताच्या अंदाजाने तार ओढते. म्हणून ती अनेक संचांशी जुळते. १९८४ मध्ये शिमानोने रूढ केलेल्या ठरावीक टप्प्यांच्या खटक्यात प्रत्येक टप्प्यास नेमकी तितकीच तार ओढली जाते. शिमानोच्या आठ चक्रांच्या संचात चक्रांमधील अंतर ४.८ मिलिमीटर, तर नऊच्या संचात सुमारे ४.३५ मिलिमीटर असते. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पण तो प्रत्येक टप्प्यागणिक साठत जातो आणि साखळी दोन चक्रांच्या मध्येच खरखरू लागते. म्हणून खटका, साखळी सरकवणारी यंत्रणा, चक्रसंच व साखळी परस्परांस अनुरूप असावीत. सर्वांत मोठे चक्र त्या यंत्रणेस झेपते की नाही, हेही आधीच पाहावे.

धूळ-चिखलाच्या वाटेवर आणखी एक पर्याय विचारार्ह ठरतो. स्टर्मी-आर्चरच्या तीन गतींच्या तुंब्यात दंतचक्रे आतच झाकलेली असतात. त्याची खालची गती मूळ गतीच्या तीन-चतुर्थांश असल्याने वरील उदाहरणात एका फेऱ्यास ४.४ मीटर अंतर पडते. ३४ दात्यांइतका दिलासा यात नाही. परंतु उघडे भाग कमी असल्याने देखभाल सोपी होते. मात्र त्यासही त्याच तुंब्याकरिता बनविलेला खटका हवा.

सारांश, आधी चढ व ओझे, मग सांगाडा, त्यानंतर तुंबा आणि शेवटी चक्रे व खटका, असा निवडीचा क्रम ठेवावा. हा क्रम उलटला, तर पैसे खर्चूनही पोते ढकलतच न्यावे लागते.